फावशे?

बडोद्यात आलो त्या पहिल्या आठवड्यात भेटेल तो माणूस मला एकच विचारायचा, ‘फावशे?’ खोली दाखवणाऱ्या दलालाने विचारलं, कारखान्याच्या शेठने विचारलं, डबा देणाऱ्या मावशींनीही विचारलं. आपण ‘मला ते फावत नाही’ म्हणतो, ‘फावल्या वेळात’ म्हणतो, तेवढ्यावर अर्थ लावून मी मान डोलवायचो. पण या ‘फावशे’मध्ये जमेल ना, चालेल ना, सवय होईल ना, असं सगळं एकदम असतं. आमच्या खानदेशात माणूस परगावी गेला की वेगळं विचारतात, ‘करमतं का?’ करमणं मनाचं, फावणं हाताचं. हा फरक माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने लागले आणि तेवढ्यात माझ्या हातून अकरा जॉब, म्हणजे मशीनवर कापायचे भाग, भंगारात गेले. ते पुढे सांगतो.

मी शहाद्याचा. आयटीआयला टर्नर ट्रेडची दोन वर्षं केली आणि मग गावातल्याच एका वर्कशॉपमध्ये जुन्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, तीन वर्षं काढली. ट्रॅक्टरचे शाफ्ट, टायरगाड्यांचे ॲक्सल, पपईच्या बागांतल्या पंपांची किरकोळ कामं. उसाच्या सीझनला हात रिकामा नसायचा, एरवी आम्ही दोघं-तिघं दाराशी बसून येणारीजाणारी वाहनं मोजायचो. आमच्याकडची पोरं बाहेर पडतात ती बहुतेक सुरतेला. उधना, लिंबायतमध्ये फिरलात तर अहिराणी इतकी ऐकू येते की आपण धुळ्यातच आहोत असं वाटावं. पण सुरत म्हणजे कापड आणि लूम. लेथवाल्याने बडोद्याला जावं, असं आमच्या आयटीआयच्या सरांचं ठाम मत. पुण्याचा विषय निघाला होता, तो खोलीचं भाडं ऐकून बाबांनी तिथेच मिटवला. वर्गमित्राचा मेहुणा बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्हचे भाग करणाऱ्या एका युनिटात होता. त्याने सांगितलं, बारा तासांची शिफ्ट, साडेतेरा हजार, सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं मशीन, शिकायला मिळेल. जून २०२३ मध्ये मी निघालो.

मायने रुमालाच्या टोकाला दोन नाणी बांधून दिली. एक तापीला, एक नर्मदेला. तापी लगेच भेटते. शहाद्याहून नंदुरबारला जाताना प्रकाशाच्या पुलावर यष्टी येते. खिडकीची काच घट्ट बसलेली होती, ती सरकेपर्यंत पूल संपला. मागच्या बाईने ‘येताना टाक भाऊ’ म्हणून समजूत काढली. नंदुरबारला गाडीत बसलो. पुढे नवापूर. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ मारून एकीकडे महाराष्ट्र आणि दुसरीकडे गुजरात लिहिलंय, लोक तिथे बसून फोटो काढतात. सुरतेला गाडी बदलली. अंकलेश्वर गेलं आणि नर्मदेचा पूल आला, तोवर मी दरवाजात उभा होतो. दोन्ही नाणी एकदम भिरकावली. एक पाण्यात गेलं असावं. दुसरं पुलाच्या लोखंडावर आपटलं आणि ठण्णकन वाजलं. ते कोणाच्या वाट्याचं होतं, मी मायला अजून सांगितलेलं नाही.

भाषेची मला अजिबात काळजी नव्हती. आमच्या गल्लीत गुजर लोकांची घरं, त्यांची बोली लहानपणापासून कानावर. शिवाय अहिराणी आणि गुजरातीचं लांबून का होईना नातं आहे. ‘आहे’ला आम्ही ‘शे’ म्हणतो, ते ‘छे’ म्हणतात. सगळे म्हणजे आमचं ‘बठा’, त्यांचं ‘बधा’. आमच्याकडे ‘रामना’, ‘रामनी’, त्यांच्याकडे ‘रामनो’, ‘रामनी’. त्यामुळे मी जरा ऐटीतच उतरलो. ऐट स्टेशनबाहेर रिक्षा मिळेपर्यंत टिकली.

खोली शोधणं हा वेगळाच छळ. दलालाचं कमिशन एका महिन्याचं भाडं, डिपॉझिट दोन महिन्यांचं, शिवाय अकरा महिन्यांचा करार आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद. हे सगळं परवडलं असतं, पण तिथवर गाडी पोहोचायचीच नाही. पहिला प्रश्न, एकटे की फॅमिली. दुसरा, मांसमच्छी खाता का. पहिल्या उत्तराला अर्धी दारं बंद व्हायची, दुसऱ्याला उरलेली. तीन दिवस मी मेहुण्याच्या खोलीत पाचवा माणूस म्हणून दाराला डोकं लावून झोपलो. रात्री कोणी उठलं की मला उठावं लागायचं. शेवटी शिफ्टमधल्या एकाने सांगितलं, इकडे मकरपुऱ्यात काय शोधतोस, मराठी आहेस तर दांडिया बाजारात जा.

दांडिया बाजार म्हणजे सुरसागर तळ्याजवळचा जुना भाग. गायकवाडांच्या काळापासून मराठी वस्ती इथे आहे. जुन्या लाकडी वाड्यात तळमजल्यावरची एक खोली रिकामी होती. मालकीण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, मुलगा पुण्याला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. आडनाव आणि गाव. ‘शहादं? ते खानदेशातलं ने?’ मी हो म्हटलं. म्हणाल्या, ‘मग काय, महाराज तरी कुठले होते?’ मला काही कळलं नाही. घरात अंडंसुद्धा आणायचं नाही आणि रात्री साडेदहानंतर मोटर लावायची नाही, या दोन अटींवर तीन हजार भाडं ठरलं. जीआयडीसी तिथून सात-आठ किलोमीटर आहे, पण दाराला डोकं लावून झोपण्यापेक्षा ते बरं.

महाराज म्हणजे सयाजीराव, तिसरे. आजींच्या बोलण्यात ते आत्ताच बाहेर गेलेत आणि संध्याकाळी परत येतील, अशा थाटात यायचे. सयाजीराव मूळचे कवळाण्याचे. मालेगाव तालुक्यातलं गाव ते, आमच्या खानदेशाला लागूनच. तिथला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला आणला आणि जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे याच माणसाने साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मला कंटाळलेला पाहिलं की आजी हे सांगायच्या. मी मनात म्हणायचो, आजी, ते राजा व्हायला आले होते, मी बारा तासांच्या शिफ्टला आलोय. तोंडावर अर्थातच ‘हो ना’ म्हणायचो.

आजींची मराठी ऐकून मी पहिल्यांदा बुजलो. शुद्ध, जुन्या वळणाची, आमच्यासारखी ‘ळ’चा ‘य’ करणारी नाही. आणि तिच्यातच मध्येच गुजराती डोकं वर काढायची. वाक्याच्या शेवटी ‘ने’. ‘बारी लाव रे, पाऊस येतोय ने.’ आमच्याकडे बारी म्हणजे पाळी, नंबर. इथे बारी म्हणजे खिडकी. मी रांगेत उभा राहायला निघालो नाही, एवढंच.

बोलीने दगा दिला नाही असं मी म्हणालो असतो, पण तेही पुरतं खरं नाही. दुसऱ्याच दिवशी शेठकडे ओळखपत्राचं विचारायला गेलो, तर ते फोनवरून डोळे न काढता म्हणाले, ‘वार लागशे.’ मी दोन पावलं मागे सरलो. वार लागेल! मागे उभा असलेला पोरगा हसून हसून वाकला. गुजरातीत वार म्हणजे उशीर. वेळ लागेल, असं शेठ म्हणत होते. आणि लागला. ओळखपत्र चार महिन्यांनी मिळालं.

खरी पंचाईत लिपीची. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषा पुसलेली आपली बाळबोध, असं कोणीतरी मला सांगितलं होतं. ज्याने सांगितलं त्याला सिटी बसच्या पाटीपुढे उभं करायला हवं. ग, त, न, म, व, स ही अक्षरं खरंच तशीच आहेत, उघड्या डोक्याची. पण क, च, ज, ख, फ वेगळेच. आणि र म्हणजे हुबेहूब आपला दोनाचा आकडा. ‘मकरपुरा’ ही पाटी मी पहिल्यांदा वाचली ती अशी: म, मग काहीतरी, मग दोन, मग पु, मग काना दिलेला दोन. दोनाला काना कसा देतात, याचा विचार करेस्तोवर बस गेली. पुढचे कित्येक दिवस मी पाटी वाचायच्या भानगडीत पडलो नाही. कंडक्टरला विचारायचो किंवा शेअर रिक्षात बसायचो. मग तीन महिन्यांनी जुनी सायकल घेतली आणि लिपीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला, असं धरून चाललो.

कामावर मात्र हळूहळू हात बसत होता. आमच्या गावच्या लेथवर कान महत्त्वाचा. टूल कसं कापतंय ते आवाजावरून कळायचं. सीएनसीला दार असतं, आत कूलंटचा फवारा, आवाज सगळा कोंडलेला. तिथे आकडे बोलतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत, एक दशांश इकडचा तिकडे झाला की टूल जॉबमध्ये घुसलंच. पहिला महिना मी फक्त जॉब लावायचो, काढायचो, बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, घासायचो आणि व्हर्नियरने माप घेऊन वहीत लिहायचो. अंगाला कूलंटचा वास असा बसला की आजी जेवताना खिडकी उघडायच्या. पाचव्या महिन्यात मला रात्रपाळीत एक मशीन स्वतंत्र दिलं.

माझ्या आधीच्या पाळीत एक काका होते. अठ्ठावन्न वर्षांचे, हात सोन्याचा, बोलणं कमी. पाळी संपली की पुढच्या माणसासाठी काय ते इन्सर्टच्या डबीच्या पुठ्ठ्यावर लिहून मशीनवर चिकटवायचे. त्या रात्री नवीन बॅच होती, स्टेनलेस स्टीलची. बाहेरचा व्यास ग्राइंडिंगआधी, म्हणजे शेवटच्या घासाईआधी, किती ठेवायचा, तो आकडा पुठ्ठ्यावर होता. ड्रॉइंग ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप. आकडा मी स्वच्छ वाचला, ३४.४. ऑफसेट त्याप्रमाणे दिला आणि कामाला लागलो. प्रत्येक जॉब व्हर्नियरने तपासला. ३४.४०, ३४.४०, ३४.४०. शिफ्टमध्ये इतकं एकसारखं माप माझं पहिल्यांदाच येत होतं. पहाटे चहा पिताना मी स्वतःवर भयंकर खूश होतो.

सकाळी फोरमनने पहिला जॉब उचलला, मापला, दुसरा उचलला. मग अकरा जॉब ओळीने लावून म्हणाला, ‘बधा गया.’ बधा म्हणजे बठा. ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुठ्ठ्यावर ३५.५ होतं. गुजराती आकड्यांत. गुजराती तीन आणि इंग्रजी तीन जवळपास एकसारखे दिसतात, त्यामुळे सगळा आकडा इंग्रजीच आहे असं मी धरलं. आणि गुजराती पाच म्हणजे शिरोरेषा नसलेला आपला प. तो घाईत खरडला की वरून उघडा राहिलेला इंग्रजी चार होतो. एक पाच चुकला असता तर मला शंका तरी आली असती. दोन्ही पाच इमानदारीत एकसारखे चार झाले. मजा म्हणजे तोच आकार मी रोज ‘मकरपुरा’च्या पाटीवर प म्हणून पाहत होतो. पाचही तसाच लिहितात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. ग्राइंडिंगसाठी साहित्य शिल्लक ठेवायचं, तर मी ते आधीच खाऊन बसलो होतो. जास्त राहिलेलं कापता येतं, कापलेलं परत लावता येत नाही.

पगारातून पैसे कापले. किती ते लिहीत नाही, पण त्या महिन्यात घरी पाठवले नाहीत. मला विचाराल तर ड्रॉइंग कुलपात ठेवून रात्रपाळीला पुठ्ठ्यावर चालवायचं, यात चूक एकट्या माझी नव्हती. हे मी तिथे बोललो नाही. पाच महिन्यांचा माणूस काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी काका चहाचा कप घेऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, ‘खोटुं लाग्युं?’ मी आधीच तापलेलो. म्हटलं, ‘काका, मी खोटं बोललो नाही, तुम्ही जे लिहिलं तेच वाचलं!’ काका गोंधळून बघत राहिले. मेहुणा मध्ये पडला. म्हणाला, अरे, ते विचारतायत, वाईट वाटलं का? मनाला लागलं का? मग मला तोंड कुठे लपवू असं झालं. त्या दिवसापासून काका पुठ्ठ्यावर आकडा दोनदा लिहायला लागले. वर गुजराती, खाली इंग्रजी, आणि इंग्रजीखाली रेघ.

त्या संध्याकाळी मी आजींना म्हटलं, मला गुजराती वाचायला शिकवा. त्या इतक्या खूश झाल्या की साडेदहानंतर मोटर लावायलाही त्या दिवशी काही म्हणाल्या नाहीत. पाटी-पेन्सिल काही नाही, रोजचा गुजराती पेपर. मी मथळे मोठ्याने वाचायचे, त्यांनी भाजी निवडत ऐकायचे. चुकलो की मान वर न करता ‘परत’. आधी बाजारभाव वाचायला लावले, कारण आकडे. मग निधनवार्ता, कारण अक्षरं मोठी. दीड महिन्यात मी पाट्या वाचायला लागलो. सायकलवरून जाताना उगाच दुकानांची नावं वाचत जायचो, लहान पोरं वाचतात तशी. सुट्टीच्या दिवशी आजींनी मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवलं, त्यांची पुस्तकं बदलून आणायला. ही लायब्ररी सयाजीरावांनी १९१० मध्ये काढलेली. पुस्तकांच्या लोखंडी कपाटांमधली जमीन काचेची आहे. पाय ठेवताना आधी पोटात गोळा येतो. तिथे मराठी पुस्तकं इतकी आहेत की शहाद्यात सगळं मिळून निघणार नाहीत. आणलेली पुस्तकं आजी वाचायच्या, मी झोपायचो. ते खरं तेच सांगतो.

जेवणाचं अजून जमलेलं नाही. डब्यातली डाळ गोड. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून साखर पडली. तिसऱ्या दिवशी खात्री पटली की चुकून नाही. सेव-उसळ मात्र आपल्या तोंडाची, झणझणीत, तिने मला जगवलं. आणि मायने दिलेलं लाल तिखट. नंदुरबारच्या मिरचीचं ते तिखट मी डाळीवर चमचाभर टाकतो हे बघून डबेवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, पोटाला फावतं का रे हे? घरी जायचं ठरलं की शिफ्टमधली दोन-चार पोरं एकेक करून कोपऱ्यात घेतात आणि ‘येताना’ एवढंच बोलून डोळा मारतात. गुजरातेत दारूबंदी आहे आणि आमचं गाव सीमेपलीकडे, म्हणून. मी प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सुटाबुटात असतो तर कदाचित कोणी हटकलं नसतं. माझी पिशवी नवापूरला हमखास उघडतात, आणि आतून कळण्याचं पीठ निघतं.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी फुगली. एरवी लोक काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभे राहून खाली मगर दिसते का बघतात. त्या वेळी मगरीच वस्तीत आल्या. आमचा वाडा उंचावर, पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि युनिट बंद. त्या दिवसांची हजेरी लागली नाही. आजींनी जिन्यात कंदील लावला आणि मला समोर बसवून पेपर वाचायला लावला, चार दिवसांपूर्वीचा. मायचा फोन आला. ‘भाऊ, तठे करमस का रे?’ मी म्हटलं, पाऊस थांबू दे, मग सांगतो.

आता पुन्हा खोली शोधतोय. आजींचा मुलगा वाडा विकायचं म्हणतोय, आजी पुण्याला जातील. जायचं त्यांच्या मनात नाही. त्या पुण्याच्या मराठीला नावं ठेवतात. माझा पगार आता एकोणीस हजार आहे आणि सेटिंगही मीच करतो. गेल्या सुट्टीला मांजलपूर, तरसालीकडे सायकलवरून फिरलो. दलाल नको, हे ठरवलं होतं. पाट्या मीच वाचत होतो. ‘भाडे आपवानुं छे’, म्हणजे भाड्याने द्यायचं आहे. बहुतेक पाट्यांवर फॅमिलीच हवी होती. एका गेटवर हाताने लिहिलेला पुठ्ठा लटकत होता. एक खोली, एकटा चालेल, खाली भाडं. हजाराच्या जागी जो आकडा होता त्याकडे मी सायकलवर एक पाय टेकून बराच वेळ बघत राहिलो. चार असता तर फार बरं झालं असतं. खालच्या नंबरवर फोन लावला आणि विचारलं.

पाचच होता.